रिसीव्हर घ्यायचा, तर ऐकायचं कुणाचं?

घरात सिनेमा आणि गाणं दोन्हींसाठी एकच यंत्र घ्यायचं म्हटलं की बहुतेकांची नजर रिसीव्हरकडे वळते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोबाइल या सगळ्यांचा आवाज त्याच्यात येतो आणि तिथूनच पाच, सात किंवा त्याहून जास्त स्पीकरना ताकद मिळते. किंमत काही दहा हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. हा निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा, यावर ऐकणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. काहींचा विश्वास प्रयोगशाळेतल्या मोजणीवर, काहींचा स्वतःच्या कानावर. मला हा वाद मोलाचा वाटतो, कारण दोन्ही बाजू अर्धवट समजल्या की पैसे हमखास चुकीच्या जागी जातात. पुढच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. वादाचे मुद्दे खरे आहेत. आत्या आकाशवाणीच्या तांत्रिक विभागातून निवृत्त झालेली. भाचा पुण्यात गाण्याचे वर्ग घेतो आणि त्याला बाहेरच्या खोलीसाठी रिसीव्हर घ्यायचा आहे.

भाचा : आत्या, तंबोरा जुळवताना मी शेजारी मीटर ठेवत नाही. जोडाच्या तारा मिळाल्या की नाही, हे कान सांगतो. आयुष्यभर ज्या कानावर विसंबलो, तो रिसीव्हर निवडताना का चालू नये? तक्ते आणि आलेख कशाला?

आत्या : तंबोऱ्याचंच घेऊ. जोडाच्या तारा जवळजवळ मिळाल्या असतात, पण पूर्ण मिळालेल्या नसतात, तेव्हा तुला काय ऐकू येतं?

भाचा : लाट येते. आवाज कमीजास्त होत राहतो. मणी सरकवला की लाट लांबत जाते आणि शेवटी थांबते.

आत्या : एक तार 138 हर्ट्झला आणि दुसरी 139 ला असेल, तर सेकंदाला बरोबर एक लाट येते. म्हणजे तू एका हर्ट्झचा फरक पकडतोस. ही मोजणीच आहे, आणि फार बारीक मोजणी आहे. ती जमते, कारण दोन्ही आवाज एकाच वेळी कानात असतात. आज एक तार ऐकवली आणि उद्या दुसरी, तर तुला हाच फरक सांगता येईल का?

भाचा : एका हर्ट्झचा? नाही सांगता येणार.

आत्या : तुलना शेजारी-शेजारी असली की कान थक्क करतो. आठवणीवर सोडली की तोच कान लवकर फसतो. रिसीव्हर मात्र आपण बहुतेक वेळा आठवणीवरच निवडतो. या दुकानात एक ऐकला, त्या दुकानात दुसरा.

भाचा : मी एकाच दुकानात ऐकले. दोन्ही एकाच स्पीकरवर, गाणंही तेच. महागड्यात आवाज मोकळा वाटला. गायिकेचा श्वास स्वस्तातल्यात दबला होता.

आत्या : व्हॉल्यूम किती ठेवला होता?

भाचा : दोन्हींवर पन्नास.

आत्या : पन्नास हा पडद्यावरचा आकडा झाला. प्रत्येक कंपनीची पन्नासची व्याख्या वेगळी. एक यंत्र अर्ध्या डेसिबलने मोठं वाजत असेल, तर ते मोठं वाजतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. ते ‘मोकळं’ वाटतं, ‘बारकावे दाखवणारं’ वाटतं. म्हणून ज्यांना खरी तुलना करायची असते ते स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावतात आणि दोन्ही पातळ्या 0.1 डेसिबलच्या आत जुळवतात. दुसरी गोष्ट, कोणता चालू आहे हे तुला दिसत होतं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी 1994 साली याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा समोर दिसत असताना ऐकले, एकदा पडद्याआडून. दिसत असताना दिलेले गुण पडदा आल्यावर बदलले. आकार, रूप, किंमत, नाव, सगळं त्या गुणांत मिसळलं होतं.

भाचा : मग सरळ म्हण ना, की माझा कान खोटा.

आत्या : अजिबात नाही. त्याच संशोधनाची दुसरी बाजू लोक सांगायला विसरतात. टूल साठच्या दशकापासून कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत काम करत होते. पडद्याआडून, पातळी जुळवून ऐकवलं, तेव्हा बहुतेक श्रोत्यांची आवड आश्चर्य वाटावं इतकी जुळली. तयार कानाचे आणि साधे श्रोते यांची पसंतीही साधारण एकाच स्पीकरकडे झुकली. मग त्या पसंतीच्या स्पीकरमध्ये समान काय आहे, हे मोजून पाहिलं. समोरून मोजलं तर सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच जोराने येतात आणि बाजूंना आवाज हळूहळू, न अडखळता कमी होत जातो, असे ते स्पीकर होते. स्पीकरभोवती चहूबाजूंनी मोजण्याचा जो सीटीए-2034 प्रमाण नमुना आज वापरतात, तो या कामातून आला. म्हणजे कोणता आलेख चांगला, हे आधी कानांनीच ठरवलं. मोजणीला अधिकार मिळाला तो ऐकणाऱ्यांकडून.

भाचा : स्पीकरचं पटलं. पण रिसीव्हर मोजतात तो 1000 हर्ट्झचा एकसुरी आवाज पाठवून. गाण्यात एक स्वर तसा कधी उभा राहतो? मींड आहे, खटका आहे, तबल्याचा आघात आहे. शिटी मोजून ख्याल कसा कळणार?

आत्या : शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर गाणंच मोजून देता येतं. एकच संगीत दोन अ‍ॅम्प्लिफायरमधून पाठवायचं आणि एकाच्या आवाजातून दुसऱ्याचा वजा करायचा. जे उरेल तेवढाच त्यांच्यातला फरक. 1985 साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अभियंत्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं. तुमच्या आवडीचा महागडा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, मी माझा स्वस्तातला त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. वजाबाकी करत करत त्याने बदल केले. उरलेला फरक मूळ आवाजाच्या सुमारे 70 डेसिबल खाली गेला, आणि ते मासिक कानावर भिस्त ठेवणारं असूनही संपादकांना दोन्हींत फरक सांगता आला नाही.

भाचा : म्हणजे बदल करण्यापूर्वी फरक होता! कानाला तो कळतही होता.

आत्या : होता, आणि त्याचं कारणही मोजता येण्यासारखं होतं. एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या टोकाचा विद्युत अडथळा, जास्त असला की जोडलेल्या स्पीकरप्रमाणे त्याचा सूर बदलतो, कुठे थोडा चढतो, कुठे थोडा उतरतो. आवाजात फरक असतो तेव्हा त्याला कारण असतं, आणि ते शोधून सापडतं. माझा आग्रह एवढाच आहे.

भाचा : बरं, आता माहितीपत्रकं बघ. यावर लिहिलंय प्रत्येक चॅनेलला 150 वॅट. याच्यावर 80. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. आकड्यांवर चालायचं, तर निवड झालीच की.

आत्या : खालची बारीक अक्षरं वाच.

भाचा : ‘6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, एक चॅनेल चालू.’ दुसऱ्यावर ‘8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के, दोन चॅनेल चालू.’

आत्या : आता यांची तुलनाच होऊ शकत नाही. 10 टक्के डिस्टॉर्शन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर उघडपणे फाटलेला. एकच चॅनेल चालू म्हणजे सगळ्यांसाठी असलेला ट्रान्सफॉर्मर एकट्याच्या दिमतीला. लहानपणी घरी जो कॅसेट प्लेअर होता, त्याच्यावर हजारांतले पीएमपीओ वॅट छापलेले आठवतात? तीच वृत्ती. अमेरिकेत या छापील वॅटचा इतका गोंधळ झाला, की 1974 साली फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला. आधी अ‍ॅम्प्लिफायर तापवून घ्या, मग सतत चालवून मोजा, आणि फ्रिक्वेन्सीचा पट्टा व डिस्टॉर्शन वॅटच्या सोबत सांगा. मोजणी महत्त्वाची, असं मी म्हणते तेव्हा कंपनीने छापलेला आकडा मला अभिप्रेत नसतो. कोणत्या अटींवर मोजलं हे ज्याच्यासोबत सांगितलंय, तोच आकडा मी मानते.

भाचा : मग मला वॅट लागणार तरी किती?

आत्या : हे कागदावर निघतं. तुझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी?

भाचा : 87 डेसिबल, 8 ओहम.

आत्या : म्हणजे एका वॅटला एक मीटरवर 87. तू बसतोस तीन मीटरवर. मोकळ्या जागेत तेवढ्या अंतराला साडेनऊ डेसिबल जातात, म्हणून 77.5 उरले. घरात मन लावून ऐकायला सरासरी 75 पुरे होतात, आणि तबल्याच्या थापेला, सिनेमातल्या स्फोटाला वर 20 ची जागा ठेवू. एकूण 95. तूट साडेसतरा डेसिबलची, म्हणजे सुमारे 56 वॅट. खोलीच्या भिंती आणि दुसरा स्पीकर भर घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागतील. प्रामाणिकपणे मोजलेले 80 वॅट तुला भरपूर आहेत. ताकद दुप्पट केली तरी वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. 75 वॅटवरून 150 वर जाण्यासाठी दुप्पट पैसे देणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

भाचा : आणि स्पीकर 4 ओहमचे असते तर?

आत्या : तर हिशेब कडक झाला असता. अशा स्पीकरना तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट लागतो आणि स्वस्त रिसीव्हर तिथेच गरम होऊन हात टेकतात. तेव्हा 4 ओहमवर, दोन्ही चॅनेल चालू ठेवून केलेली मोजणी शोधायची. ती कानाने दुकानात कळत नाही, कारण दुकानात कुणी तासभर जोरात वाजवू देत नाही.

भाचा : माझा एक मित्र तर म्हणतो, एवढा विचारच करू नकोस. सिनॅड नावाचा एक आकडा असतो, तो ज्याचा सर्वांत वर तो घ्यायचा. त्याच्या यादीत एकाचा 75 आणि दुसऱ्याचा 95 आहे. ही तर तुझीच बाजू.

आत्या : ही माझी बाजू नाही. इथे मी तुझ्याकडून बोलणार आहे. सिनॅड म्हणजे मूळ आवाजाच्या तुलनेत नॉइज आणि डिस्टॉर्शन मिळून किती खाली आहेत. 75 म्हणजे सुमारे 0.018 टक्के आणि 95 म्हणजे 0.0018. पुढे जो स्पीकर आहे, तो खालच्या सुरांत जोराने वाजला की 1 टक्का डिस्टॉर्शन सहज देतो, म्हणजे पहिल्या रिसीव्हरच्याही पन्नासपट. शिवाय रात्रीच्या शांत खोलीतही 30 डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, आणि पंखा चालू केला की तो आणखी चढतो. अभियंता म्हणून 95 चा मला आदर आहे. पण ऐकणाऱ्याला त्यातले वरचे वीस डेसिबल सहसा पोचत नाहीत.

भाचा : म्हणजे सिनॅड निरुपयोगी?

आत्या : निरुपयोगी नाही. आकडा फारच खाली असला तर यंत्रात काहीतरी बिघडलंय हे तो पटकन दाखवतो. पण नॉइज आणि डिस्टॉर्शन एकाच बेरजेत टाकल्याने कशाचा वाटा किती ते झाकलं जातं. नॉइज असेल तर गाणं थांबल्यावर स्पीकरजवळ खसखस ऐकू येईल. डिस्टॉर्शन असेल तर ते मूळ स्वरात त्याच्या पटीतले कोणते स्वर, म्हणजे कोणते हार्मोनिक, मिसळतंय हे बघायला हवं. दुसरा हार्मोनिक म्हणजे काय, सांग बघू?

भाचा : मध्य सा लावला तर तार सा.

आत्या : तो मूळ स्वराच्या पोटात लपून जातो. आणि सातवा?

भाचा : कोमल निषादाच्याही जरा खाली. धड कोणत्याच स्वरावर बसत नाही.

आत्या : म्हणून तो खुपतो. 1950 साली बीबीसीतल्या शॉर्टर नावाच्या अभियंत्याने सुचवलं होतं, की वरच्या हार्मोनिकना कानावरच्या परिणामाप्रमाणे जास्त वजन द्या. तरी टक्केवारीची साधी बेरीजच वापरात राहिली, कारण एक लहान आकडा विकायला सोपा जातो. सत्तरच्या दशकात त्याची शर्यत लागली. भरपूर निगेटिव्ह फीडबॅक देऊन स्थिर स्वरावरचं डिस्टॉर्शन शून्याच्या जवळ आणलं गेलं. पण मट्टी ओटाला या फिनलंडच्या संशोधकाने 1970 मध्येच दाखवलं होतं, की फीडबॅक असा बेताल वापरला आणि अ‍ॅम्प्लिफायर पुरेसा वेगवान नसला, तर झटक्याने येणाऱ्या आवाजाला तो अडखळतो. तक्रार करणाऱ्या श्रोत्यांना तेव्हा आकड्यांचे भक्त हसत होते.

भाचा : मघाशी मी तबल्याच्या आघाताबद्दल हेच विचारत होतो!

आत्या : हो, आणि त्या प्रश्नामुळेच मोजणी सुधारली. अ‍ॅम्प्लिफायरचा वेग मोजायला लागले, एकाच वेळी अनेक स्वर पाठवून चाचण्या घेऊ लागले. कानाने तक्रार करायची, मोजणीने कारण शोधायचं आणि पडद्याआडच्या ऐकण्याने ते तपासायचं. या तीन पायऱ्यांतून जो आकडा गेला तो कामाचा. न गेलेल्या आकड्यावर यादीतला क्रमांक ठरवणं म्हणजे नुसती स्पर्धा.

भाचा : मग आता माझी खरी तक्रार ऐक. जुन्या रिसीव्हरबरोबर माइक आला होता. त्याने खोली मोजली, आपोआप दुरुस्ती केली, आणि माझ्या आवडीच्या ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याची जवारीच मेली. मोजणी करून आवाज बिघडला. याचं काय उत्तर आहे?

आत्या : आधी खोलीचं बोलू. लांबी-रुंदी?

भाचा : पंधरा फूट बाय बारा. खाली फरशी, भिंती मोकळ्या, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला.

आत्या : बारा फुटांच्या भिंतींमध्ये सुमारे 47 हर्ट्झची लाट अडकते, पंधरा फुटांमध्ये सुमारे 37 ची, आणि त्यांच्या दुपटी 94 आणि 75 वर. डग्ग्याची घूम याच पट्ट्यात. भिंतीशी या लाटांचा दाब सर्वांत जास्त, आणि तू नेमका तिथे बसतोस. अशा खोलीत खालचा एखादा सूर 10 डेसिबलने उसळणं अगदी नेहमीचं आहे. चांगल्या रिसीव्हरमधला फरक डेसिबलच्या अंशात आणि खोलीने केलेला फरक दहा-दहा डेसिबलचा. पैसे आणि मेहनत कुठे घालायची, ते इथे ठरतं.

भाचा : डग्गा घुमतो हे खरंच. दुरुस्तीनंतर तो आवरला होता. पण जवारी का गेली?

आत्या : कारण वरच्या सुरांत माइक तुझ्या कानाच्या तोडीचा नाही. तुला दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू. स्पीकरमधून थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज तो वेगळे ओळखतो. एकटा माइक दोन्हींची बेरीज करतो आणि यंत्र ती बेरीज सरळ करायला जातं. त्यात मुळात चांगला असलेला थेट आवाज वाकडा होतो. टूल यांचाही हाच सल्ला आहे. काही शे हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं, तिथे दुरुस्ती करा; त्याच्या वर स्पीकर चांगला निवडा आणि त्याला फार छेडू नका. बऱ्याच रिसीव्हरमध्ये आता ही मर्यादा आपल्याला ठरवता येते. ती सोय आहे का, हा प्रश्न मी सिनॅडच्या कितीतरी आधी विचारीन. तुझ्या कानाने इथे यंत्राची चूक अचूक पकडली.

भाचा : दुरुस्ती बरोबर झाली की नाही, हे कळायचं कसं?

आत्या : प्रमाणित केलेला यूएसबी माइक मिळतो, आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाचा मोफत प्रोग्राम. सोफा एक फूट पुढे घेऊन मोज, सबवूफर दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन मोज. नवीन काही न घेता जो बदल दिसेल, तो पाहून रिसीव्हरच्या किमतीकडे तू वेगळ्या नजरेने बघशील.

भाचा : पण आत्या, रिसीव्हर म्हणजे नुसता अ‍ॅम्प्लिफायर नाही. माझ्या शेजाऱ्यांकडे मोजणीत उत्तम ठरलेला आहे, आणि टीव्हीशी त्याचं जमतच नाही. आवाज मध्येच जातो, ओठ आधी हलतात. तुझ्या कोणत्या आलेखात हे दिसतं?

आत्या : डिस्टॉर्शनच्या आलेखात नाही दिसत. ओठ आणि आवाजाचं अंतर मात्र मोजता येतं. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज 45 मिलिसेकंद आधी किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला जाणवायला लागतं. बाकीचं तुझं म्हणणं मान्य. 2020 मध्ये काही नामवंत कंपन्यांच्या नव्या रिसीव्हरमधली एचडीएमआयची चिप नव्या गेम कन्सोलचं सेकंदाला 120 चौकटींचं 4के चित्र नीट पुढे पाठवू शकत नव्हती, आणि आवाजाच्या मोजणीत ते कुठेही दिसलं नसतं. टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे आणणारं ई-आर्क नीट चालतं का, टीव्हीखालच्या बंद कपाटात यंत्र तापतं का, दुरुस्तीची सोय आपल्या शहरात आहे का, हे वापरणाऱ्यांना विचारूनच कळतं. हाही पुरावाच आहे, फक्त वेगळ्या जातीचा.

भाचा : आणि समजा, हे सगळं करूनही मला तो महागडाच आवडला? त्याची घडण, त्याची जड नॉब, त्याचं समोर असणं. तो आनंद खोटा का?

आत्या : खोटा नाही. त्यासाठी पैसे देणंही गैर नाही, फक्त कशासाठी देतोय ते माहीत असू दे. नॉबसाठी दिलेले पैसे आवाजाच्या खात्यात लिहू नकोस, म्हणजे स्पीकरच्या खात्यात कमी पडणार नाहीत.

भाचा : माझ्याकडे सगळं मिळून दीड लाख आहेत. मी रिसीव्हरलाच लाख घालणार होतो.

आत्या : रिसीव्हरला पन्नास हजार घाल. 8 ओहमवर दोन चॅनेल चालवून मोजलेले 80 वॅट, खसखस ऐकू न येण्याइतका कमी नॉइज, दुरुस्तीची मर्यादा ठरवायची सोय, आणि शहरात सर्व्हिस सेंटर, एवढं पाहा. पुढे कधी वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडावासा वाटला, तर प्री-आउट आहेत का आणि त्यातून निदान 2 व्होल्ट स्वच्छ निघतात का, तेही बघ. उरलेले स्पीकर आणि सबवूफरला. फरशीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, आणि तो मोजायचा माइक.

भाचा : मान्य. पण दोन अटी माझ्या. शेवटचे दोन रिसीव्हर मी पडद्याआडून ऐकणार, आणि पातळी तू जुळवून द्यायचीस. फरक सांगता आला तर ज्याचा आवाज भावेल तो; नाही सांगता आला, तर स्वस्त तो. आणि दुरुस्ती झाल्यावर खर्ज किती ठेवायचा हे यंत्र ठरवणार नाही, मी ठरवणार.

आत्या : दोन्ही मान्य. खर्जाची आवड माणसागणिक बदलते, हे तर पडद्याआडच्या चाचण्यांतच दिसलं आहे, त्यामुळे तो हक्क तुझाच. फक्त पडद्याआडून ऐकताना दोन-तीन वेळा बरोबर आलं म्हणून थांबू नकोस. सोळा वेळा ऐक. त्यात बारा किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलंस, तर निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. तसं झालं तर मी तुझं ऐकेन, आणि त्या दोन यंत्रांत मोजायचं काय राहून गेलं, ते शोधायला बसेन.